गाडीचा स्लो चढलाय? स्क्रूला हात लावण्याआधी हवा शोधा

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या जगनाडे चौकाच्या सिग्नलला आमची १९९७ ची मारुती ८०० उभी होती. गिअर न्यूट्रलमध्ये, उजवा पाय ब्रेकवर, एक्सिलेटरला स्पर्शही नाही. तरी कोणी रेस देत असावं तसं इंजिन ओरडत होतं. सिग्नल सुटला, पहिला गिअर टाकून क्लच अर्धा सोडला, तोच गाडी पुढे झेपावली. समोर सायकलवर एक काका होते. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावलं. नंदनवनला घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

स्लो, म्हणजे एक्सिलेटरवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग, चढला की पेट्रोल जास्त जातं, ब्रेक लवकर झिजतात, हे सगळे सांगतात. पण गर्दीत गाडी आपल्या पायाचं ऐकत नाही, ही त्यातली खरी भीती आहे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी महालातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांची सगळी नोकरी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात, छोट्या लाईनच्या डब्यांची व्हॅक्यूम ब्रेकची कामं करण्यात गेली. गाडी त्यांचीच, चालवते मी. मार्चमध्ये एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा तिथल्या मिस्त्रींनी सांगितलं, "ताई, स्लो वाढलाय, पाच मिनिटांत बसवून देतो." पेचकस घेऊन त्यांनी कार्बोरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) एक स्क्रू फिरवला, आवाज खाली आला, मी पैसे देऊन निघाले. एप्रिल बरा गेला. मेमध्ये हे असं झालं.

त्या संध्याकाळी मीही पेचकस घेऊनच बोनेट उघडलं. बाबांनी अंगणात खुर्ची आणायला लावली आणि म्हणाले, "स्क्रूले काहून हात लावतेस? हवा कुठून शिरून राहिली ते पाय आधी."

या एका वाक्यात सगळं निदान आहे. पेट्रोल इंजिन किती वेगाने फिरायचं हे हवा ठरवते. एक्सिलेटर म्हणजे पेट्रोलचा नळ नव्हे, तो हवेचा दरवाजा आहे. पाय काढला की थ्रॉटलची चकती, म्हणजे हाच दरवाजा, जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र ओढतच राहतात, त्यामुळे चकतीच्या खालच्या बाजूला, मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळकांड्यात), व्हॅक्यूम तयार होतो. धडधाकट गरम इंजिनात आयडलला, म्हणजे स्लोवर, तो साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर पारा इतका असतो. बाबांच्या रेल्वे इंजिनात ५३ सेंटीमीटर ठेवत, म्हणजे आपल्या छोट्या गाडीतली ओढही काही कमी नाही. एवढ्या ओढीला सुईएवढं भोक मिळालं तरी हवा आत घुसते. बाबा म्हणतात, रेल्वेत पाईप फुटला की ब्रेक लागून गाडी थांबते, इथे पाईप फुटला की इंजिन पळतं. शोधायची रीत मात्र तीच.

तेव्हा प्रश्न दोनच. थ्रॉटलची चकती पूर्ण बंद होते आहे का? आणि होत असेल तर हवा दुसरीकडून कुठून येते आहे?

आधी मोजा

कानाला "जास्त" वाटणं पुरेसं नाही, कारण दुरुस्तीनंतर फरक किती पडला हे कळायला आकडा हवा. जुन्या ८०० ला आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारा, काटा नसतो. मी मोबाईल वापरला. कंपन मोजणारी मोफत अॅप्स मिळतात. फोन डॅशबोर्डवर सपाट ठेवला की कोणत्या हर्ट्झला कंपन सर्वाधिक आहे ते आलेखात दिसतं. चार स्ट्रोकच्या तीन सिलिंडर इंजिनात दर दोन फेऱ्यांना तीन स्फोट होतात, म्हणून स्फोटांच्या टोकाचे हर्ट्झ गुणिले ४० म्हणजे आरपीएम. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच डुलतं, त्या डुलण्याचं दुसरं टोक दिसतं; त्याला ६० ने गुणायचं. दोन्ही उत्तरं जुळली तर मोजणी बरोबर. चार सिलिंडरच्या गाडीत स्फोटांच्या टोकाला ३० ने गुणा.

आमच्या गाडीत ३७ आणि २४.७ अशी दोन टोकं दिसली. ३७ गुणिले ४० म्हणजे १४८०, २४.७ गुणिले ६० म्हणजे १४८२. गरम इंजिनाला ८५० ते ९०० च्या आसपास हवं. म्हणजे सरळ सहाशे जास्त.

मोजणी गरम इंजिनावरच करायची, पंखा एकदा सुरू होऊन बंद झाल्यावर. डिसेंबरच्या पहाटे चोक (थंड इंजिनाची हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी चकती) ओढून सुरू केलेली गाडी काही मिनिटं चढ्या आवाजात चालणारच, तो बिघाड नव्हे. लक्षणही नीट लिहून ठेवा. स्लो कायम चढलेला राहतो, की एक्सिलेटर सोडल्यावर हळूहळू उतरतो, की वरखाली झोके घेतो? पहिला प्रकार बहुधा हवेच्या गळतीचा किंवा चकती अडकल्याचा असतो. दुसऱ्यात केबलवर संशय घ्या. झोके बहुतेक इंजेक्शनच्या गाडीत दिसतात, म्हणजे जिथे कार्बोरेटरऐवजी संगणक पेट्रोल मोजून देतो.

काम उघड्यावर करा, बंद पोर्चमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासानेही कळत नाही. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. ओढणी, पदर, सैल बाह्या, बांगड्या सगळं आवरून. पंख्याचा पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. आणि कधी इंजिन एकदम चढत गेलं, उतरेचना, तर किल्ली फिरवून बंद करा. चालत्या गाडीत असं झालं तर किल्ली फक्त बंद करा, बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

केबल आणि चोक

इंजिन बंद ठेवून सुरुवात करा. आधी पायाजवळची मॅट सरकून पॅडलखाली गेली आहे का पाहा. हे सांगायला साधं आहे, पण घडतं. मग घरातल्या कोणाला तरी पॅडल हळूहळू दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही कार्बोरेटरवरची दांडी पाहा. पॅडल सोडल्यावर ती खाली येऊन स्टॉप स्क्रूच्या (पाय काढल्यावर चकती किती उघडी राहावी हे ठरवणाऱ्या स्क्रूच्या) टोकावर टेकली पाहिजे. मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहिली तरी स्लो चढतो. फट दिसली तर केबलचं टोक दांडीवरून काढा. दांडी लगेच जागेवर गेली तर दोष केबलचा. तरीही अडकली तर स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा थ्रॉटलच्या आसावर चिकट मळ जमला आहे. आपल्याकडची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून केबलच्या आवरणात जो लगदा होतो त्यावर तेल सोडून फार दिवस निभत नाही. केबलचे तार सुटलेले दिसले तर नवीनच घाला.

चोकचा नॉब आत गेला म्हणजे चोक उघडला असं समजू नका. एअर क्लीनरचं झाकण काढा. आतली चकती उभी, कडेवर असली पाहिजे. ती तिरपी असेल तर चोकची केबल परत येत नाही. चोकच्या यंत्रणेला एक छोटी दांडी जोडलेली असते, ती चोक ओढल्यावर थ्रॉटलही थोडा उघडा धरते. थंड इंजिनाला ते हवंच असतं, पण ती दांडी मळाने अडकून राहिली तर चोक उघडूनही स्लो चढलेलाच राहतो.

आमच्याकडे केबल, चोक दोन्ही निर्दोष निघाले. मग बाबांनी विचारलं, "तो स्क्रू किती आत आहे?" मी पाहिलं तर स्टॉप स्क्रू पार मागे काढलेला होता, त्याचं टोक दांडीला लागतसुद्धा नव्हतं. चकती शंभर टक्के बंद, आणि तरी १४८०.

गॅरेजमध्ये दिलेल्या अनेक जुन्या गाड्यांत सापडणारी खूण ती हीच. कुठेतरी हवा गळत होती, मिस्त्रींनी स्क्रू मागे घेऊन तेवढी हवा दुसरीकडून कमी केली. भोक मोठं होत गेलं, आणि मागे घ्यायला स्क्रू उरला नाही. तुमच्याही गाडीचा स्क्रू सैल असूनही इंजिन पळत असेल तर बाकीचं सगळं सोडून गळतीच शोधा.

गळती

नागपूरच्या उन्हाळ्यात रबराचं काय होतं हे कूलरच्या पंपाचा पाईप पाहिलात तर कळेल. बाहेर पारा ४५ च्या पुढे, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. नळ्या वरून काळ्याभोर, शाबूत दिसतात, पण वाकवल्या की आडव्या भेगा उघडतात. म्हणून डोळ्यांनी तपासणं पुरेसं नाही. प्रत्येक नळी टोकापाशी वाकवून पाहा, भेग बहुतेक वेळा नोझलवर चढवलेल्या ताणलेल्या भागात असते.

मग इंजिन चालू करून एकेक नळी जाड फडक्यात धरून पक्कडीने हलकेच चिमटीत दाबा. दाबल्यावर आवाज खाली आला तर हवा त्या नळीच्या पलीकडून येते आहे. डिस्ट्रिब्युटरकडे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक नळी काढून तोंडाने ओढून पाहा. ओढ टिकली पाहिजे, हवा येत राहिली तर तिथला पडदा फाटला आहे. ही नळी दाबली तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, बदलूनही आवाज उतरू शकतो, त्यामुळे तिच्या बाबतीत ओढण्याची परीक्षा जास्त खरी. ज्या गाडीला ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे तिथे त्याची जाड नळी विसरू नका. ब्रेक दाबल्यावर स्लो बदलून तसाच राहत असेल आणि पायाशी फुसफुस ऐकू येत असेल तर बूस्टर गळतो आहे. तो ब्रेकचा प्रश्न आहे, त्यात दिरंगाई करू नका.

इंजिन हवा बाहेरून ओढतं आहे की नाही याची एक चांगली परीक्षा आहे. एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडावर जाड पुठ्ठा हळूहळू सरकवा, तळहात लावू नका. अर्धं तोंड झाकल्यावर इंजिन अडखळायच्या ऐवजी आणखी गुळगुळीत चालू लागलं, तर मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, म्हणजे बहुधा गळती आहे. ही परीक्षा चोकचा नॉब ओढून करू नका. चोकची दांडी थ्रॉटलही उघडते, मग वेग कशाने वाढला ते कळत नाही.

जागा शोधायला अनेक जण कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे किंवा चक्क पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सरच्या पाईपावर, नागपूरच्या मे महिन्यात! कृपया करू नका. इस्त्रीसाठी पाणी फवारायची बाटली घ्या. संशयाच्या जागी बारीक फवारा मारा. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींपासून लांब राहा, तिथे पाणी गेलं तर इंजिन मिस होईल आणि तुम्हाला गळती सापडल्याचा भास होईल. क्रमाने जा: कार्बोरेटरच्या बुडाशी, त्याखालच्या काळ्या ठोकळ्याच्या वरच्या-खालच्या पॅकिंगवर, थ्रॉटलच्या आसाच्या दोन्ही टोकांवर, मॅनिफोल्ड इंजिनला जोडला आहे तिथे. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबा.

ऐकायला आम्ही कूलरचाच दोनेक फूट पाईप घेतला. एक टोक कानाशी, दुसरं इंजिनावरून फिरवायचं. बाबांना आता कमी ऐकू येतं, पण पाईप कानाला लावून त्यांनी पाच मिनिटांत हात वर केला आणि मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे एक छोटं नोझल आहे, आमच्या गाडीत त्याला काही जोडलेलं नाही, म्हणून त्यावर रबराची टोपी असते. वरून टोपी ठणठणीत. फवारा मारला तर आलेखातलं टोक ३७ वरून २९ वर घसरलं आणि पाणी ओढलं गेल्यावर परत ३७. टोपी काढली तर खालच्या बाजूने अर्धी चिरलेली होती. चाळीस वर्षं माणसाने जे काम केलं ते हातातून जात नाही, हे त्या क्षणी मी पाहिलं.

नवीन टोपी दहा रुपयांना मिळाली. सोबत बाकीच्या नळ्याही बदलल्या, कारण त्यांचंही वय तेच. नळी घेताना जुन्या नळीचा तुकडा घेऊन जा आणि पेट्रोल-तेलाला टिकणारीच मागा. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी बोनेटखाली महिनाभरही टिकणार नाही.

गळती बुजल्यावर गाडी बंद पडते

टोपी लावली, गाडी सुरू केली आणि ती लगेच बंद पडली. दोनदा, तीनदा. इथे घाबरून पुन्हा टोपी काढू नका. गळतीच्या हवेवर इंजिन चालत होतं, ती बंद झाली आणि स्क्रू तर मागेच काढलेला. ही गळती खरंच बंद झाल्याची खूण आहे.

एक्सिलेटरला हलका पाय देऊन इंजिन गरम करा, मग दिवे, पंखा, एसी सगळं बंद ठेवून स्टॉप स्क्रू अर्ध्या-अर्ध्या फेरीने आत घ्या. ९०० च्या आसपास थांबा. आता मिश्रणाचा स्क्रू. त्याला हात लावण्याआधी तो आहे त्या जागेपासून हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंत किती फेऱ्या होतात ते मोजून लिहा आणि तितक्याच फेऱ्या परत बाहेर काढा. आत जोराने आवळला तर त्याच्या सुईचं टोक खराब होतं. मग इंजिन चालू असताना पाव-पाव फेरी आत घेत जा, इंजिन अडखळायला लागलं की बाहेर काढत जा, सगळ्यात गुळगुळीत आणि चढ्या वेगाच्या जागी थांबा, आणि स्टॉप स्क्रूने वेग परत ९०० वर आणा. हे दोन-तीनदा आलटून पालटून करावं लागतं. आमचा मिश्रणाचा स्क्रू बराच बाहेर काढलेला सापडला: गळतीची जास्तीची हवा झाकायला कोणीतरी पेट्रोल वाढवलं होतं. टोपी लावून तो तसाच सोडला असता तर प्लग काळे पडले असते.

शेवटचा शब्द पीयूसीच्या यंत्राचा. माझ्या गाडीच्या काळातल्या पेट्रोल चारचाकींना आयडलला कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. नुसतं प्रमाणपत्र घेऊन येऊ नका, आकडे वाचा. कार्बन मोनॉक्साईड मर्यादेच्या अगदी कडेला असेल तर मिश्रण अजून जाड आहे.

इंजेक्शनची गाडी असेल तर

२००० च्या आसपास ८०० ला एमपीएफआय, म्हणजे हेच इंजेक्शन, आलं, आणि तिथे संगणक हवेच्या गळतीला स्वतःच पेट्रोल वाढवून साथ देतो, त्यामुळे गाडी झटके न देता नुसतीच पळते. नळ्यांची तपासणी तीच. पण आधी एक वेगळा प्रश्न विचारा: गाडीत थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का? "आपल्याकडच्या गर्मीत गाडी तापते" म्हणून तो काढून टाकायची सवय आपल्या भागात फार आहे. तो नसला की इंजिन, विशेषतः हिवाळ्यात आणि हायवेवर, पुरेसं गरमच होत नाही, आणि संगणक थंड इंजिन समजून स्लो चढवून ठेवतो. गाडी तापण्याचं खरं कारण रेडिएटर किंवा पंख्यात असतं, ते दुरुस्त करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बिघडला तरी हेच होतं. पुष्कळ गाड्यांत त्याचा रोध २० अंशाला अडीच हजार ओहमच्या जवळ आणि ८० अंशाला ३०० च्या आसपास असतो. मीटरने मोजून पाहा. मे महिन्यात टाकीचं पाणी घेऊ नका, ते हात भाजेल इतकं तापलेलं असतं. माठातलं पाणी घ्या, त्यात सेन्सरचं टोक आणि थर्मामीटर ठेवा आणि तापमान वाढवत नेताना रोध उतरतो का ते पाहा. मध्येच तो उडी मारत असेल तर सेन्सर गेला.

कूलंट कमी असेल तरीही स्लो झोके घेतो, कारण काही जुन्या गाड्यांत गरम पाण्याने फुगणारं मेण आयडलची हवा बंद करतं. पाणीच पोचलं नाही तर ती वाट उघडीच राहते. त्यानंतर थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि आयडलचा व्हॉल्व्ह साफ करायचा. साफसफाईनंतर पहिले काही दिवस स्लो थोडा चढा राहू शकतो, संगणकाला मळक्या वाटेची सवय झालेली असते. थ्रॉटल बॉडीवरचा रंग लावून बंद केलेला स्क्रू मात्र अजिबात फिरवू नका, त्याने थ्रॉटलच्या सेन्सरचा हिशेब बिघडतो.

एसी असलेल्या जुन्या गाडीत एसी बंद असतानाही स्लो चढलेला असेल तर एसीसाठी स्लो वाढवणारा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते पाहा. त्याची नळी दाबली की लगेच कळतं. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे गेलं असेल तरी वेग वाढतो, पण त्याला टायमिंग लाईट लागते, ते मिस्त्रींकडून करून घ्या. थ्रॉटलचा आस हाताने हलवल्यावर खडखडत असेल आणि फवाऱ्याने तिथेच आवाज बदलत असेल तर घरी उपाय नाही, बुश (आसाभोवतीच्या कड्या) घालावे लागतात.

मिस्त्रींकडे जाल तेव्हा "स्लो कमी करून द्या" असं म्हणू नका. "हवा कुठून गळते ते शोधून द्या, स्क्रूला हात लावाल तेव्हा मला दाखवून लावा," असं सांगा. आमच्या गाडीच्या बोनेटला आतून आता चिकटपट्टीवर लिहिलेलं आहे: स्टॉप स्क्रू किती फेऱ्या, मिश्रणाचा स्क्रू किती फेऱ्या, गरम इंजिनाला २२.५ हर्ट्झ, आणि तारीख. अक्षर बाबांचं आहे.